सुशासनाला बक्षीस द्यावे का? खानदेशातून एका अभ्यासविषयाची ओळख

ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनला कोफी अन्नान यांनी एक पारितोषिक जाहीर केले. मानकरी होते मोझांबिकचे माजी राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो. रक्कम ५० लाख डॉलर, तीही दहा वर्षांत विभागून, आणि त्यानंतर हयात असेपर्यंत दरवर्षी २ लाख डॉलर. पैसे देणारे होते मो इब्राहिम. सुदानमध्ये जन्मलेल्या या उद्योजकाने आफ्रिकेत मोबाइल सेवा उभी केली, ती कंपनी विकली आणि त्या पैशातून हा पुरस्कार सुरू केला. अटी मोजक्या होत्या. माणूस लोकांनी निवडून दिलेला राष्ट्रप्रमुख असावा, घटनेने ठरवून दिलेल्या मुदतीतच त्याने राज्य केलेले असावे, आणि मुदत संपल्यावर त्याने खुर्ची सोडलेली असावी. खुर्ची सोडून तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.

या पुरस्कारावर तेव्हा जो वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. एका बाजूचे म्हणणे असे, की नीट राज्यकारभार करणे हे राष्ट्राध्यक्षाचे कर्तव्यच आहे, त्याचा त्याला पगार मिळतो, मग वर बक्षीस कशासाठी? शिवाय ज्याला लुटायचे आहे तो एका वर्षात यापेक्षा जास्त लुटेल. त्याला हे आमिष पुरणार नाही. आणि जो मुळातच सरळ आहे, त्याला त्याची गरज नाही. दुसरी बाजू व्यवहार सांगते. अनेक देशांत पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षाला धड निवृत्तिवेतन नसते, सुरक्षा नसते, पुढे काय करायचे याचा ठाव नसतो. म्हणून तो घटना बदलतो, तिसऱ्यांदा उभा राहतो, मुलाला गादीवर बसवतो. अशा माणसाला मानाने बाहेर पडण्याची वाट करून दिली, तर देशाचा खर्च वाचतो.

मी राज्यशास्त्र शिकवतो ते खानदेशात. हा वाद वर्गात मांडला की मुले तो दूरदेशीची गोष्ट म्हणून ऐकतात. नंतर त्यांना विचारले, की तुमच्या गावाच्या वेशीवर ‘निर्मल ग्राम’ असे लिहिलेली कमान आहे का, तर अर्ध्याहून जास्त हात वर होतात. तिथून हा विषय त्यांचा होतो. कारभार करणाऱ्याला, तो चांगला केला म्हणून, पैसे द्यावेत का? दिले तर कोणी द्यावेत, कोणाला द्यावेत, आणि चांगले म्हणजे काय हे कोणी ठरवावे? हे प्रश्न धुळे-जळगावच्या मातीत दोनशे वर्षे घोळत आहेत. या अभ्यासविषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करताना मला सुरुवात इथूनच करायची आहे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि नीतिशास्त्र हे चारही इथे एकमेकांच्या वाटेत येतात, आणि मराठीत या सगळ्यांना एकत्र बसवून फारसे लिहिले गेलेले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे पोलिटिकल एजंट म्हणून आला. समोर उजाड गावे आणि सातपुडा, सातमाळा व सह्याद्रीचे घाट आपल्या ताब्यात ठेवणारे भिल्ल नाईक होते. आधी फौजा पाठवल्या. त्याने भागेना, तेव्हा त्याचा वरिष्ठ अधिकारी एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार दुसरा मार्ग काढला गेला. नाईकांना रोख नेमणूक द्यायची आणि बदल्यात त्यांनी आपापला घाट राखायचा, आपल्या माणसांना आवरायचे. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला होते. नाईकाला मिळणारा पैसा हा शांततेचा मोबदला होता. आजच्या शासकीय भाषेत त्याला प्रोत्साहन अनुदान म्हणता येईल.

नाईकाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. गावांकडून काही उत्पन्न घेण्याचा हक्क त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. तोच हक्क आता सरकारी खजिन्यातून रोखीने मिळू लागला, पण तो मिळण्या-न मिळण्याचा निर्णय साहेबाच्या हाती गेला. नाईक चांगला की वाईट हे त्याच्या पाड्यातले लोक ठरवत नव्हते. ज्याला महसूल हवा होता, त्याच्या दृष्टीने घाट शांत असला की नाईक चांगला.

याच धोरणाचा पुढचा अध्याय साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरांपलीकडच्या डांगात लिहिला गेला. डांगचा कारभार एकोणिसाव्या शतकात बराच काळ खानदेशच्या कलेक्टरकडे होता. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगले पट्ट्याने घेतली. सागवान हवे होते. राजांना वार्षिक रक्कम ठरली आणि ती भर दरबारात, मानपानासह वाटली जाऊ लागली. आजही होळीच्या सुमारास आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वारसांना तिथे सालियाना दिला जातो. दरबाराचा मान खरा आहे, त्या घराण्यांना त्याचे मोल आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. पण पैसा राजाला मिळाला आणि साग जहाजांसाठी गेला. जंगलावर जगणाऱ्या माणसाला त्या व्यवहारात कोणी विचारले नव्हते. नेत्याला बाहेरून पैसे देण्याच्या कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना, ती आफ्रिकेतली असो की आपल्या जिल्हा परिषदेतली, हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला लावतो.

दुसरे उदाहरण धुळ्याच्याच तुरुंगातले आहे. १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. फळाची आस सोडून केलेले कर्म हा त्या प्रवचनांचा गाभा आहे. खानदेशातला शिकलेला माणूस बक्षिसाच्या प्रश्नाकडे वळतो तेव्हा हा संस्कार त्याच्या मनात असतोच, आणि त्यामुळे त्याला रोख बक्षीस थोडे हलके वाटते. १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा राबलेल्या हजारो हातांनी कुठल्या बक्षिसाची वाट पाहिली होती?

तरीही मला वाटते, की विनोबांचा प्रश्न आणि आपला प्रश्न वेगवेगळ्या पातळीवरचे आहेत. विनोबा साधकाशी बोलत होते. आपण बोलतो आहोत ते पदाविषयी, ज्यावर आज साधक बसेल आणि उद्या दुसरा कोणी. पदाची रचना करताना त्यावर संतच बसेल असे धरून चालता येत नाही. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराला शंभराहून जास्त वर्षे झाली. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये ते उभे केले. व्यक्तीचे नैतिक आचरण आणि संस्थेची रचना यांच्यातला हा फरक नीट उलगडायला त्याच्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रोख बक्षिसाविषयीच्या शंकेला अर्थशास्त्राने वेगळ्या अंगाने पुष्टी दिली आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर पुस्तक लिहून दाखवले, की रक्ताला पैसे मोजू लागलो तर देण्याची भावना आटते आणि रक्ताची प्रतही घसरते. २००० मध्ये उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा इस्रायलमधल्या पाळणाघरांवरचा अभ्यास आला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. कारण आधी संकोच होता, आता दंड भरला की झाले. पैसा आला की कामाचा अर्थ बदलू शकतो, हे या अभ्यासांचे सार आहे. पण नेहमी बदलतोच असे नाही. केव्हा बदलतो आणि केव्हा नाही, हे शोधायला महाराष्ट्राइतकी मोठी प्रयोगशाळा जगात कमी ठिकाणी सापडेल.

कारण २००० सालापासून महाराष्ट्र सरकारने गावांना बक्षिसे देण्याचा मोठाच प्रयोग केला. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. पंचायत समितीपासून राज्यापर्यंत स्पर्धा, गुण, तपासणी पथके आणि रोख बक्षिसे. यातली एक गोष्ट इब्राहिम पुरस्कारापेक्षा अगदी वेगळी होती. बक्षीस सरपंचाच्या खिशात जात नव्हते, ग्रामपंचायतीच्या खात्यात जात होते. आणि ते कामाच्या खर्चाची भरपाई म्हणून नव्हते; श्रमदान आणि लोकवर्गणी आधी, बक्षीस मिळालेच तर नंतर. जिंकणारी गावे थोडी आणि राबणारी हजारो. सरकारच्या तिजोरीतून गेलेल्या रकमेच्या कितीतरी पट काम गावांनी उभे केले.

त्या वर्षांत तपासणीचा दिवस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरता येणार नाही. पहाटेपासून सडे, गल्लीभर रांगोळ्या, गेरूने रंगवलेली तुळशीवृंदावने, भिंतींवर ताजी घोषवाक्ये. ग्रामसेवक दप्तरांचे गठ्ठे नीट लावून बसलेला. सांडपाण्याच्या शोषखड्ड्यावर नुकतीच टाकलेली वाळू. शाळेची मुले लेझीम घेऊन वेशीवर. एकमेकांशी वर्षानुवर्षे न बोललेल्या भाऊबंदांनी त्या दिवशी एकाच गटारीत फावडे मारलेले मी पाहिले आहे. हे नाटक होते असे म्हणून ते उडवून लावणारे बरेच भेटतात. मला तसे म्हणवत नाही. गावाला एकत्र येण्याचे निमित्त लागते, आणि तसे निमित्त गावाला देणे हे शासनाचे काम आहेच.

पण त्याच अभियानाने आणि त्याच्या जोडीला आलेल्या केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्काराने दुसरीही बाजू दाखवली. निर्मल ग्राम पुरस्कार २००३ मध्ये जाहीर झाला. गावात एकही माणूस उघड्यावर शौचाला जात नाही हे सिद्ध झाले, की लोकसंख्येच्या प्रमाणात ग्रामपंचायतीला रोख रक्कम आणि राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. पुरस्कार घेण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. त्यासाठी गावोगावी ‘गुड मॉर्निंग पथके’ निघाली. पहाटे अंधारात शिट्टी वाजायची, टमरेल घेतलेल्या माणसाच्या हाती गुलाबाचे फूल दिले जायचे, कधी नाव पुकारले जायचे. ज्याच्या घराला मागे दोन हात जागा नाही, त्या भूमिहीनाने काय करायचे? पहाटेच्या अंधाराचाच आडोसा असलेल्या बाईने कुठे जायचे? गावाचे गुण वाढवण्याची किंमत गावातल्या सर्वांत दुबळ्याने लाजेच्या रूपात मोजली, हे लिहिताना मला आजही बरे वाटत नाही.

आणि कमान उभी राहिल्यावर? साक्री तालुक्यातल्या एका गावी कमानीखाली बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला होता, ‘बक्षीस भेटनं, पन नळले पानी नही.’ संडास बांधले होते, पाणी नव्हते. दारे लागलेल्या त्या खोल्यांत सरपण, कडबा, कुठे कोंबड्या. पुरस्कार मिळालेली गावे काही वर्षांत मागे सरकतात हे देशभरच्या पाहण्यांतूनही समोर आले. तपासणी एका दिवसाची असली की कारभारही त्या दिवसापुरता उजळतो. बाबांना पथकाने काही विचारले होते का, असे मी त्यांना विचारले. नव्हते विचारले.

या विषयावर मला जे म्हणायचे आहे ते इथे येते. बक्षीस द्यावे की नाही यावर तासन्‌तास वाद घालता येतो. त्यापेक्षा तपासणाऱ्याची जागा कुठे आहे हे पाहावे. ज्यांच्यावर राज्य केले जाते, त्यांच्या तोंडून गुण पडत असतील आणि पैसा त्यांच्याच हाती, सगळ्यांसमोर येत असेल, तर बक्षिसाने कारभार सुधारू शकतो. तपासणारा बाहेरचा आणि पैसा नेत्याचा असेल, तर नेता बाहेर बघायला शिकतो. नाईक धरणगावच्या ठाण्याकडे बघायला शिकला होता. सरपंच पथकाच्या गाडीकडे बघायला शिकतो. राष्ट्राध्यक्ष लंडनकडे बघायला शिकेल, ही भीती मला खरी वाटते.

१५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा अभ्यास या कसोटीवर करून पाहण्यासारखा आहे. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे, त्याचे गुण, गुणांवर लोकसंख्येनुसार लाखांतले बक्षीस. या मोहिमेने बांधावरची, वाटेवरची कितीतरी जुनी भांडणे खरोखर मिटवली. तंटामुक्त समित्यांनी घरच्यांचा विरोध असलेली लग्ने लावून दिली, ज्यांत वेगवेगळ्या जातींतली जोडपीही होती. हे मोठेच काम झाले. पण नवे तंटे कमी नोंदले गेले, तर गाव शांत दिसते. मग नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला समिती काय सांगणार? पोलीस ठाण्याची पायरी चढलीस तर गावाचे गुण जातील, हे कोणी तोंडाने म्हणायचीही गरज नसते. ज्या गावात तक्रारी शून्य आहेत तिथे न्याय आहे की धाक आहे, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी तिथल्या बायकांशी, शेवटच्या वस्तीतल्या माणसांशी, समितीतले कोणी जवळ नसताना बोलावे लागते. या मोहिमेवर असे काम खानदेशात व्हायला हवे आहे, आणि ते करायला विद्यार्थिनी पुढे आल्या तर फार चांगले होईल.

पाणी फाउंडेशनची गावांमधली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत झाली. तिच्याविषयी बरेच लिहून आले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. अमळनेर तालुक्यातल्या लोकांनीही भर उन्हात टिकाव-पाट्या घेऊन बांध-बंदिस्ती केली. तिथे मोजमाप घनमीटरमध्ये होते आणि खणलेला खड्डा कोणालाही बघता येत होता. मोजता येणारे काम आणि बक्षीस यांचे बरे जमते. गावातले दलित कुटुंब ग्रामसभेत बोलू शकते का, हे मात्र घनमीटरमध्ये येत नाही.

पैशाचा प्रवाह उलटाही वाहतो. जानेवारी २०२१ मध्ये पदांच्या लिलावावरून राज्य निवडणूक आयोगाने दोन ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. एक नाशिक जिल्ह्यातले उमराणे, आणि दुसरे नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी. १९९८ पर्यंत नंदुरबार धुळ्यातच होते, म्हणजे हे आपल्याच घरातले. खोंडामळीत देवळासाठी ४२ लाखांची बोली लावून पद ठरवल्याची बातमी होती. गावातले लोक म्हणत, निवडणुकीत पैसे वाटून भांडणे होण्यापेक्षा देवळाला गेले ते काय वाईट? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. त्यात निवडणुकीच्या खर्चाला विटलेल्या माणसाचा कंटाळा आहे. पण ज्याने ४२ लाख मोजले तो पुढची पाच वर्षे कोणाला बांधील राहील? आणि ज्याच्याकडे ४२ हजारही नाहीत, तो ७३ व्या घटनादुरुस्तीने दिलेल्या हक्काचे काय करील? गावाने आपला नेता निवडण्याचा हक्क एकदाच, एकरकमी विकला. आमच्या क्षेत्रात बक्षिसाचा अभ्यास करणाऱ्याने लिलावाचाही करावा, कारण दोन्हीकडे तोच प्रश्न आहे: पद आणि पैसा यांच्यामध्ये मतदार कुठे उभा आहे?

शिक्षेचा विचारही याला धरून येतो. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात फेब्रुवारी २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. ४८ जण दोषी ठरले, त्यांत माजी मंत्री होते, माजी नगरसेवक होते. गुन्हा नोंदवल्यापासून तेरा वर्षांहून जास्त काळ. ज्यांच्या घरांसाठी ती योजना होती, त्यांची मुले एवढ्या काळात मोठी झाली. शिक्षा इतकी उशिरा येते, म्हणून शासनाला बक्षिसाची ओढ वाटते असे मला दिसते. बक्षीस एका वर्षात देता येते, व्यासपीठावर देता येते, फोटो निघतो. तपासयंत्रणा आणि न्यायालये वेगवान करणे हे कष्टाचे, बिनफोटोचे काम आहे. बक्षीस त्याची जागा घेऊ लागले, तर ते मला घातक वाटते.

आता बारीपाडा. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या सीमेजवळचा हा आदिवासी पाडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथले डोंगर बोडके होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होती. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावात राहिले, वनवासी कल्याण आश्रमाच्या कामाशी जोडले गेले, आणि पाड्याने बैठका घेऊन जंगल राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, बैलगाडी जंगलात न्यायची नाही, मोडेल त्याला दंड. दंड गावाने ठरवलेला आणि गावानेच वसूल केलेला. चारशेहून जास्त हेक्टर जंगल उभे राहिले. बांध-बंधारे झाले, विहिरींना पाणी आले, भाताची शेती सुधारली.

बारीपाड्याला मानसन्मान मिळाले ते नंतर. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार बँकॉकला मिळाला; २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. क्रम पाहा. काम सुरू झाल्यावर दहा वर्षांनी पहिला मोठा पुरस्कार आला. कोणी बक्षीस जाहीर केले म्हणून कोणी कुऱ्हाड खाली ठेवली नव्हती. मग या पुरस्कारांनी केले काय? माझ्या मते त्यांनी पाड्याला पाठबळ दिले. मोठ्या माणसांचे येणे-जाणे सुरू झाले, अधिकारी ऐकून घेऊ लागले, आजूबाजूच्या गावांना वाटले की आपणही करावे. गावाच्या नियमाला बाहेरून मान मिळाला, की आतला नियम मोडणाऱ्याला जड जाते. बक्षिसाचा हा उपयोग अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फारसा सापडत नाही.

बारीपाड्यात वनभाजी स्पर्धाही भरते. बायका जंगलातून भाज्या, कंद, कोंब आणतात, शिजवतात, मांडतात. कोणती भाजी केव्हा काढायची, कशी धुवायची, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे सांगताना आजी बोलतात आणि पाहुणे ऐकतात. जंगल राखण्याचे फळ ताटात दिसते, आणि ते राखण्याचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांचाच तिथे गौरव होतो. आहव्याचा दरबार आणि बारीपाड्याची ही स्पर्धा एकाच डोंगररांगांच्या पट्ट्यात भरतात. एकीकडे जंगल दिल्याबद्दल घराण्याला मान, दुसरीकडे जंगल राखल्याबद्दल सगळ्या पाड्याला. विद्यार्थ्याने दोन्ही बघून यावीत.

बारीपाड्याबद्दलही एक प्रश्न खुला ठेवायला हवा. पुरस्कारावर नाव एकाचे येते. रात्री जंगलात राखण करणाऱ्यांची, दंड भरून पुन्हा तसे न करणाऱ्यांची, बैठकीत विरोध करून शेवटी पटल्यावर साथ देणाऱ्यांची नावे कुठेच येत नाहीत. चैत्राम पवार यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच हे विचारतो: एका माणसाच्या नावाने ओळखले जाणारे गाव त्याच्या पश्चात तसेच राहते का? धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने चराईबंदी झाली, माळावर गवत परतले. तिथेही हाच प्रश्न विचारता येईल. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी यांनाही.

या प्रश्नाला आफ्रिकेत मोठे आणि दुःखद उत्तर मिळाले. शिसानोंनंतर २०२० सालच्या पुरस्कारापर्यंत इब्राहिम पुरस्कार बोत्सवानाचे फेस्टस मोगाए, केप व्हर्देचे पेद्रो पिरेस, नामिबियाचे हिफिकेपुन्ये पोहांबा, लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ आणि नायजरचे महमदू इस्सुफू एवढ्यांनाच मिळाला. बाकीची वर्षे समितीला कोणी पात्र वाटले नाही, आणि तिने तसे उघड सांगितले. या खंबीरपणाचे मी कौतुक करतो. आपल्याकडे पात्र कोणी नाही म्हणून बक्षीस राखून ठेवल्याचे क्वचितच ऐकू येते. इस्सुफूंना पुरस्कार जाहीर झाला मार्च २०२१ मध्ये. पुढच्याच महिन्यात त्यांनी निवडून आलेल्या मोहम्मद बझूम यांच्याकडे सत्ता दिली. जुलै २०२३ मध्ये लष्कराने बझूमना कैद केले. राष्ट्राध्यक्षाने खुर्ची सोडली, नियम पाळला, बक्षीसही मिळाले. पण बराकीतल्या सैनिकांना आवर घालणारी व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही. एका माणसाला दिलेले बक्षीस त्या माणसापुरते काम करते.

म्हणून आफ्रिकेतल्या नेत्यांना रोख पारितोषिक द्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षाला सन्मानाने जगता यावे ही सोय त्याच्या देशाने, त्याच्या कायद्याने, सर्वांसाठी सारखी करावी. तिला बक्षीस म्हणू नये. आपण सरपंचाच्या मानधनाकडे याच नजरेने पाहायला हवे. २०२४ मध्ये राज्य सरकारने ते दुप्पट केले. लहान गावच्या सरपंचाला महिना ३,००० रुपयांचे ६,००० झाले, मोठ्या गावात १०,०००. रोज पंचायत समितीच्या चकरा मारणाऱ्या, मजुरी बुडवून ग्रामपंचायतीत बसणाऱ्या आदिवासी महिला सरपंचाला ही रक्कम आजही पुरत नाही. तिला आधी पुरेसे मानधन द्या, मग कोट्यवधींच्या स्पर्धा लावा. बाहेरून द्यायचा पैसा असेलच, तर तो लोकांच्या हाती, लोकांच्या तपासणीने जावा.

कोट्यवधी हा शब्द मी सहज वापरलेला नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी ५ कोटींचे बक्षीस ठेवले गेले. गाडगेबाबा अभियानाच्या सुरुवातीला कोणी स्वप्नातही पाहिली नसेल अशी ही रक्कम. बक्षीस इतके मोठे झाले की स्पर्धेचा स्वभाव बदलतो का? श्रमदानाऐवजी सल्लागार आणि सादरीकरणे पुढे येतात का? मला उत्तर माहीत असल्याचा आव आणायचा नाही; असा अभ्यास गावे तयारी करत असतानाच सुरू व्हायला हवा.

नव्याने येणाऱ्यांना काही व्यवहाराच्या सूचना. ग्रामसभेचे इतिवृत्त आधी मागा. कमानीवर काय लिहिले आहे त्यापेक्षा बक्षिसाची रक्कम कशावर खर्च करायची हे कोणत्या ग्रामसभेत ठरले, कोण हजर होते, महिलांची वेगळी ग्रामसभा झाली होती का, हे तिथे कळते. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हे पहिल्या महिन्यातच शिका. अहिराणी, भिली, मावची कानावर पडली तर किमान समजेल इतकी शिका. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला माणसे प्रमाण मराठीतलेच, म्हणजे शाळेत शिकवलेलेच उत्तर देतात. भिल्ल एजन्सीच्या काळाचा अभ्यास करायचा असेल तर खानदेशच्या जुन्या गॅझेटियरपासून सुरुवात करा, पण तो साहेबाच्या नजरेने लिहिलेला आहे हे पानोपानी लक्षात ठेवा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी साधनांची छाननी कशी करायची याचा जो वस्तुपाठ घालून दिला, तो ग्रामपंचायतीच्या दप्तरालाही लागू पडतो.

आणि गावात तपासणीच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशीचे सगळे पथकाच्या अहवालात येतेच. निकाल लागल्यावर दोन पावसाळे जाऊ द्या, मग जा. जिंकलेल्या गावात जा आणि हरलेल्याही. कमानीजवळच्या पारावर कोण बसले आहे ते बघा, त्यांच्याजवळ बसा आणि पथकाने त्यांना काय विचारले होते ते विचारा.